एकाच पवनचक्कीच्या दोन पत्रिका

मुलीकडे जर्मनीला जाण्यासाठी २०१९ च्या मे महिन्यात मी तिकीट काढले, तेव्हा तिने फोनवर आठवणीने सांगितले, “आई, जाण्यायेण्याचा कार्बन तेवढा भरून टाक.” तिच्या कचेरीत तशी रीतच होती. कामानिमित्त विमानाने जाणाऱ्या प्रत्येकाच्या नावे कंपनी ऑफसेट विकत घेत असे. म्हणजे विमानाच्या इंधनातून जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत गेला तेवढाच जगात दुसरीकडे कमी झाला, असा दाखला देणारी क्रेडिट पैसे देऊन घ्यायची आणि ती पुन्हा कोणाला विकता येऊ नयेत म्हणून आपल्या नावावर रद्द करून टाकायची. एक क्रेडिट म्हणजे एक टन. हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती, कारण मुलगी शाळेत होती त्या काळात, २००७ ते २०१३ अशी सहा वर्षे, मी पुण्यातल्या एका सल्लागार संस्थेत हीच क्रेडिट तयार करण्याचे काम करत होते. ‘तयार करणे’ हा शब्द मी विचारपूर्वक वापरते आहे. वीज पवनचक्कीतून येत असे, क्रेडिट मात्र आमच्या टेबलावर, कागदातून निघत असे.

क्योटो करार १९९७ मध्ये झाला आणि २००५ मध्ये अमलात आला. त्यात उत्सर्जन घटवण्याचे बंधन श्रीमंत देशांवर होते, भारतावर नव्हते. परंतु त्या देशांना आपल्या वाट्याची थोडी घट भारतासारख्या देशांतील प्रकल्पांकडून विकत घेण्याची मुभा होती. या व्यवस्थेला ‘स्वच्छ विकास यंत्रणा’ असे भारदस्त नाव असले तरी आम्ही सगळे तिला सीडीएमच म्हणत असू. चीनखालोखाल सर्वांत अधिक प्रकल्प भारतातून नोंदले गेले आणि त्यांत पवनचक्क्यांचा भरणा मोठा होता. मी विद्युत अभियंता, आधी रोहित्रांच्या कारखान्यात नोकरीला होते, आणि पर्यावरणाचे काम म्हणून मोठ्या हौसेने या संस्थेत आले होते. माझ्या हाती आलेला पहिला पूर्ण प्रकल्प सातारा जिल्ह्यातील एका पठारावरचा होता. प्रत्येकी सव्वा मेगावॉटच्या आठ पवनचक्क्या होत्या आणि त्यांचे मालक पाच होते: इचलकरंजीचे एक सूतव्यापारी, कोल्हापूरचे एक फौंड्रीवाले, पुण्याचे एक बांधकाम व्यावसायिक आणि आणखी दोघे. लहान प्रकल्पांसाठी १५ मेगावॉटची मर्यादा होती आणि तिच्या आत बसणाऱ्यांना सोपे नियम लागू होत, म्हणून पाचही जणांची मोट बांधून आम्ही एकच प्रकल्प दाखवला होता.

हिशेबाचा पहिला भाग सरळ होता. वाऱ्याची स्थिती पाहता पवनचक्की आपल्या क्षमतेच्या साधारण २० टक्के वीज वर्षभरात देते असे धरले, तर सव्वा मेगावॉटच्या एका यंत्रातून वर्षाला २१ लाख ९० हजार युनिट मिळतात. तेवढी वीज देशाच्या वीजजाळ्यातून घेतली असती तर तिच्यापायी कोळशातून जो कार्बन डायऑक्साइड निघाला असता, तो केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीवरून काढता येत असे आणि तो हजार युनिटमागे ०.९ टनांच्या आसपास येई. म्हणजे एका पवनचक्कीमागे वर्षाला सुमारे १,९७० टन, आणि तितकीच क्रेडिट. या गणितात मला तेव्हाही खोट दिसली नाही आणि आजही दिसत नाही. वाऱ्याची वीज खरी असते आणि तिच्यामुळे कोळसा कमी जळतो, हेही खरे असते.

अडचण पुढच्या प्रश्नात होती. क्रेडिटचे पैसे मिळाले नसते तर ही पवनचक्की उभी राहिली नसती, हे सिद्ध करावे लागे. याला अतिरिक्तता म्हणतात. आमच्या कचेरीत दिवसभर ‘ॲडिशनॅलिटी’ हाच शब्द कानांवर पडे. सगळा व्यवहार या एका अटीवर उभा आहे, कारण पवनचक्की एरवीही उभी राहणार असेल, तर तिची क्रेडिट घेऊन युरोपातल्या कारखान्याने जो जादा धूर सोडला, त्याची भरपाई कशानेच झालेली नसते. उलट, नुसत्या कागदाच्या जोरावर तेवढा धूर अधिक सोडण्याची परवानगी मिळालेली असते. पण जे घडले नसते ते सिद्ध कसे करायचे? त्याचे उत्तर नियमपुस्तकात होते. प्रकल्पाचा अंतर्गत परतावा दर, म्हणजे गुंतवलेला पैसा वर्षाला किती टक्क्यांनी परत येतो तो आकडा, काढायचा, तो कार्बनच्या पैशाविना ठरावीक पातळीच्या खाली येतो आणि कार्बनचे पैसे धरले की वर जातो, असे दाखवायचे. आमच्यासाठी ती पातळी १६ टक्क्यांची होती. राज्य वीज नियामक आयोगाने २००३ च्या आदेशात पवनऊर्जेला पहिल्या वर्षी युनिटला ३.५० रुपये दर ठरवून देताना भागभांडवलावर तेवढा परतावा धरला होता.

तक्ता मांडणे हे माझे काम. वारा थोडा कमी धरला, देखभालीचा खर्च दरवर्षी थोडा अधिक वाढवला, कर्जाचा व्याजदर त्या वेळचा सर्वांत चढा घेतला, की आकडा आपोआप खाली सरके. यातले एकही गृहीत खोटे नव्हते. प्रत्येकाला कुठला ना कुठला आधार होता आणि तो आम्ही तळटीपेत देत असू. आमच्या प्रकल्पाचा दर कार्बनविना १३ टक्क्यांच्या आत आला, कार्बनसह १६ च्या वर गेला. त्याच आठवड्यात फौंड्रीवाल्यांच्या लेखापालाने दुसऱ्या कामासाठी बँकेला दिलेला प्रकल्प अहवाल मला पाठवला. त्यात वारा भरपूर होता, देखभाल स्वस्त होती आणि परतावा असा होता की कोणत्याही बँकेच्या शाखाधिकाऱ्याने डोळे मिटून सही करावी. लग्नाच्या मुलाची पत्रिका स्थळ पाहून बदलून आणावी, तसा तो प्रकार होता. बँकेकडे न्यायच्या पत्रिकेत सगळे ग्रह उच्चीचे आणि आम्ही बॉनला, सीडीएमचा कारभार पाहणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीला, पाठवायच्या पत्रिकेत त्याच मुलाला कडक मंगळ. मी ते दोन्ही कागद शेजारी ठेवून वरिष्ठांना दाखवले. त्यांनी शांतपणे सांगितले की बँकेला आशावादी अंदाज हवा असतो आणि आपल्याला सावध अंदाज हवा असतो, यात विसंगती नाही. मला ते तेव्हा पटले, किंवा पटवून घेणे सोयीचे वाटले.

खरा उलगडा मला परताव्याच्या तक्त्यातून झाला नाही, तारखांमधून झाला. पवनचक्क्या कार्यान्वित झाल्याचे दाखले क्रमाने लावताना लक्षात आले की आठांपैकी पाच २९ आणि ३० सप्टेंबरला सुरू झाल्या होत्या आणि उरलेल्या तीन ३० मार्चला. वारा काही तारीख पाहून सुटत नाही. शिवाय पठारावरचा वाऱ्याचा खरा हंगाम जून ते ऑगस्ट असतो. विजेसाठीच यंत्र उभारणारा माणूस ते मे महिन्यात सुरू व्हावे म्हणून जिवाचा आटापिटा करील, सप्टेंबरअखेर नव्हे. मी सूतव्यापाऱ्यांच्या सीएला सहज विचारले, तर ते हसून म्हणाले, “मॅडम, सप्टेंबर उलटला की घसारा निम्मा होतो.” आयकराच्या नियमानुसार पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी ८० टक्के घसारा, म्हणजे झिजेपोटी नफ्यातून वजा करायची रक्कम, दाखवता येत असे, मात्र यंत्र त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांहून कमी वापरात असेल तर तो निम्माच धरला जाई. म्हणून पहिली घाई सप्टेंबरअखेरची असे आणि ती साधली नाही तर निदान मार्चअखेरची. साडेसहा कोटींच्या यंत्रावर ८० टक्के म्हणजे ५ कोटी २० लाख रुपये सुताच्या धंद्यातील नफ्यातून वजा होत आणि तेव्हाच्या साधारण ३४ टक्के दराने पावणेदोन कोटींच्या वर कर त्या वर्षापुरता टळे. विजेच्या उत्पन्नावर दहा वर्षांची करसवलत होती ती निराळी. याउलट कार्बनचे उत्पन्न, क्रेडिटला १२ युरो भाव आणि युरोला ६५ रुपये धरले तरी, एका यंत्रामागे वर्षाला १५ लाखांच्या आसपास, तेही दोनतीन वर्षांनी आणि सगळे शिक्के जुळले तर. आमच्या तक्त्यात करबचत नव्हती असे नाही. ती होती, पण प्रकल्प जणू एकटाच आहे, मालकाला दुसरा धंदाच नाही असे धरल्यामुळे ती पहिल्या वर्षी वापरायला नफाच नव्हता, आणि मग ती पुढच्या वर्षांवर पसरून पातळ होऊन जाई.

पवनचक्क्या घ्यायचे ठरवताना मालकांनी कार्बनच्या पैशाचा गांभीर्याने विचार केला होता, याचाही पुरावा लागे. त्यासाठी संचालक मंडळाचा जुना ठराव मागवला जाई. मी पाचही जणांना एकच पत्र पाठवले आणि चार दिवसांत पाचही ठराव आले. तीन ठरावांतील वाक्ये अगदी सारखी होती, कारण नमुना म्हणून आम्हीच एक मसुदा पत्रासोबत जोडला होता. ते ठराव मागाहून लिहिले असे मी म्हणत नाही. मी तो प्रश्न कोणाला विचारला नाही, एवढेच सांगते.

गावातली सभा ही या सगळ्या प्रक्रियेतली मला सर्वांत स्पष्ट आठवणारी गोष्ट. प्रकल्पाविषयी स्थानिकांचे म्हणणे ऐकून घेतल्याची नोंद लागे, म्हणून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नोटीस लावून देवळाच्या सभामंडपात बैठक बोलावली होती. चाळीसएक माणसे जमली; बायका खांबांमागे बसल्या होत्या आणि व्यासपीठावरची एकमेव बाई म्हणून त्या माझ्याकडे बघत होत्या. वर्ष २००८, ग्रामीण महाराष्ट्रात भारनियमनाचा कहर चालू होता. पहिला प्रश्न पावसाचा आला. पाती फिरू लागल्यापासून ढग थांबत नाहीत, पुढे निघून जातात, असे बऱ्याच जणांचे ठाम मत होते आणि ते त्या भागात कितीतरी गावांत ऐकू येई. दुसरा प्रश्न रस्त्याचा होता, कारण यंत्राचे सुटे भाग घेऊन येणाऱ्या अजस्र गाड्यांनी गावची वाट उखडली होती. तिसरा जमिनीचा: कातळ म्हणून एजंटाने कवडीमोलाने घेतलेली जमीन कंपनीला कितीला गेली, हे गावाला नंतर कळले होते. शेवटी खांबामागून एक म्हातारी म्हणाली, “आमच्या डोईवरनं वीज चाललीया आन् आमच्या घरात चिमणी.” तिला कोणी उत्तर दिले नाही. परत आल्यावर मी अहवालाचा तक्ता भरला. एका रकान्यात गावकऱ्यांचा मुद्दा आणि दुसऱ्यात त्यावर केलेली कार्यवाही, अशी त्याची मांडणी ठरलेली असे. पावसापुढे मी ‘शास्त्रीय आधार नसल्याचे समजावून सांगितले, समाधान झाले’ असे लिहिले. रस्त्यापुढे ‘दुरुस्तीचे आश्वासन दिले, समाधान झाले’. म्हातारीच्या वाक्यासाठी योग्य शीर्षक सापडेना, म्हणून ते ‘वीजपुरवठा’ या सदरात घातले आणि त्यापुढेही समाधान झाले. नंतर तो संपूर्ण दस्तऐवज इंग्रजीत जगासमोर ३० दिवस हरकतींसाठी ठेवला गेला. पठारावरून एकही हरकत आली नाही.

पुढचे टप्पे नेहमीचे होते. दिल्लीला पर्यावरण मंत्रालयाच्या समितीपुढे दहा मिनिटांचे सादरीकरण झाले आणि देशाची मंजुरी मिळाली. मग प्रमाणीकरण करणाऱ्या संस्थेचे दोन तरुण आले, दोन दिवस पठारावर आणि कचेरीत राहिले, त्यांनी पन्नासहून अधिक शंका काढल्या, आम्ही एकेकीचे निरसन केले. त्यांच्यापैकी एकाने तारखांकडे बोट ठेवले होते, हे मला मुद्दाम नोंदवावेसे वाटते. त्याच्या शंकेला आम्ही दीड पानाचे उत्तर दिले. पण त्या संस्थेची फीही प्रकल्पमालकच देत होते. परीक्षकाचे मानधन परीक्षार्थ्याने द्यायचे, अशीच ही रचना होती आणि ती नियमानुसार होती. २०१० च्या अखेरीस प्रकल्प नोंदला गेला. कचेरीत पेढे वाटले.

पहिली क्रेडिट हाती येईपर्यंत २०१२ उजाडले आणि तोवर बाजार कोसळला होता. २००८ च्या उन्हाळ्यात जे क्रेडिट २० युरोंच्या वर गेले होते, ते २०१२ सरता सरता एका युरोच्याही खाली आले. युरोपात मंदी होती, क्रेडिटचा पूर आला होता आणि युरोपीय संघाने पुढील नव्या प्रकल्पांसाठी दार जवळजवळ लावून घेतले होते. अर्ध्या युरोने एका पवनचक्कीचे वर्षाचे उत्पन्न ७० हजार रुपयांच्या घरात येते. क्रेडिट मिळवण्यासाठी लागणाऱ्या पडताळणीची फी याहून मोठी होती. मालकांनी पडताळणी थांबवली, आमच्या संस्थेने माणसे कमी केली, आणि त्यांत मीही होते. पवनचक्क्या मात्र एक दिवसही थांबल्या नाहीत. ज्या उत्पन्नाविना त्या उभ्याच राहिल्या नसत्या असे मी सव्वाशे पानांत लिहून दिले होते, ते उत्पन्न नाहीसे झाले आणि पठारावर कोणाला त्याचा पत्ताही लागला नाही.

येथे एक आक्षेप रास्त आहे. एकदा उभारलेले यंत्र भाव पडला म्हणून कोणी उतरवत नाही. तेव्हा पैशाचा परिणाम पाहायचा तर नव्या पवनचक्क्यांकडे पाहिले पाहिजे. तेही आकडे उपलब्ध आहेत. देशात २०११-१२ मध्ये सुमारे ३,२०० मेगावॉट पवनऊर्जेची भर पडली होती. एप्रिल २०१२ पासून सरकारने वेगवर्धित घसाऱ्याची, म्हणजे त्याच ८० टक्क्यांची, सवलत काढून घेतली, वीजनिर्मितीवर मिळणारे अनुदानही थांबले, आणि पुढच्या वर्षी भर १,७०० मेगावॉटच्या आसपास उतरली. त्याच वर्षी कार्बनचा भावही पडला होता, त्यामुळे दोष कशाचा यावर वाद घालता आला असता. परंतु नंतर अनुदान परत आले, २०१४ मध्ये घसाराही परत आला, आणि २०१६-१७ मध्ये एका वर्षात सुमारे ५,५०० मेगावॉट पवनऊर्जा उभी राहिली. या सर्व काळात कार्बन क्रेडिटचा भाव एका युरोच्या खालीच पडून होता. माझ्या तक्त्यांपेक्षा हा पुरावा मला अधिक बोलका वाटतो.

हे माझ्या एकटीचे निरीक्षण राहिले नाही. युरोपीय आयोगासाठी २०१६ मध्ये झालेल्या एका अभ्यासात, तपासलेल्या सीडीएम प्रकल्पांपैकी ८५ टक्क्यांच्या बाबतीत घट खरोखर अतिरिक्त असण्याची आणि ती फुगवून सांगितलेली नसण्याची शक्यता कमी असल्याचे म्हटले होते. ही शक्यता भरपूर आहे असे प्रकल्प २ टक्के निघाले. भारतातील १,३५० पवनऊर्जा प्रकल्प तपासणाऱ्या अर्थतज्ज्ञांचा निष्कर्ष २०२१ मध्ये आला: मंजूर झालेल्या क्रेडिटपैकी किमान ५२ टक्के अशा प्रकल्पांना मिळाली होती, जे बहुधा एरवीही उभे राहिलेच असते. तो वाचताना मला आमच्या आठ पवनचक्क्या त्या ५२ टक्क्यांच्या कुठल्या बाजूला पडल्या असतील, याचाच विचार मनात येत होता.

आता मे २०१९ कडे परत येते. मुलीचा आग्रह मोडवेना आणि कुतूहलही होते, म्हणून मी गणित करायला बसले. मुंबई ते फ्रँकफर्ट जाऊन येण्याचे एका गणकाने दीड टनाच्या आत सांगितले, दुसऱ्याने तीन टनांच्या वर. फरक एवढाच की उंचावरून विमान जाताना मागे राहणाऱ्या ढगांच्या रेघा आणि इतर वायू यांची उष्णता दुसऱ्याने धरली होती, पहिल्याने नाही. मी मोठा आकडा घेतला. क्योटोच्या यंत्रणेत नोंदलेली, न खपलेली क्रेडिट आता सामान्य माणसालाही विकत मिळत होती आणि त्यांत भारतातील पवनचक्क्यांची रास पडली होती. आमचा प्रकल्प तिथे नव्हता. मी महाराष्ट्रातलाच दुसरा एक निवडला. दर टनाला दीड डॉलर होता. तीन टनांचे सुमारे ३१५ रुपये झाले. पुण्याहून मुंबईच्या विमानतळापर्यंतच्या गाडीला याच्या आठपट पडले होते. काही क्षणांत माझ्या नावाचे, अनुक्रमांक घातलेले प्रमाणपत्र आले.

ते घेऊन मी स्वस्थ बसले असते तर बरे झाले असते. पण जुनी सवय, म्हणून त्या प्रकल्पाचा मूळ दस्तऐवज उघडला. पवनचक्क्या २००९ च्या होत्या आणि मी विकत घेतलेली घट २०१३ या वर्षातली होती. सहा वर्षांपूर्वी वाहून गेलेल्या वाऱ्यात माझ्या ३१५ रुपयांनी काय भर पडणार होती? फार तर एवढेच म्हणता येईल की जुना माल खपला तर मालकाला पुढच्या वेळी हुरूप येईल. परंतु टनाला दीड डॉलरमध्ये, तोही दलाली वजा जाता, येणारा हुरूप कितीसा असणार. मग मी अतिरिक्ततेच्या प्रकरणापाशी आले आणि तिथे मला माझेच वाक्य भेटले. गुंतवणूकदारांच्या जोखमीविषयीचे चार ओळींचे लांबलचक वाक्य, त्यात ‘टर्बाइन’ या शब्दात चुकून दोनदा पडलेले तेच अक्षर. एका सल्लागाराचा मसुदा दुसऱ्याकडे जाणे आमच्या धंद्यात नवे नव्हते. त्या वाक्यावर मी तरी हक्क कसा सांगू, मलाही तो साचा कचेरीतल्या आधीच्या एका दस्तऐवजातूनच मिळाला होता. चूक तेवढी माझी होती.

मुलीला मी हे सारे सांगितले, तेव्हा तिने विचारले की मग पैसे देण्यात अर्थच नाही का. माझे उत्तर तेव्हा जे होते तेच आजही आहे. पवनचक्कीचा पर्यावरणाला लाभ होतो. मी दिलेल्या पैशाचा झाला का, हा निराळा प्रश्न आहे आणि दुकान या दोहोंची गल्लत करूनच चालते. क्रेडिटशिवाय त्या कामातून दुसरे काही उत्पन्न आहे का, हा एक प्रश्न मी नेहमी आधी विचारते. वीज विकता येते, लाकूड विकता येते, करात सूट मिळते, तिथे माझा पैसा बहुधा वरचा मलिदा असतो. जिथे दुसरा एकही पैसा सुटत नाही, उदाहरणार्थ रसायनांच्या कारखान्यात विनाकारण हवेत सुटणारा एखादा वायू जाळून टाकणे, तिथे तो कामाला येऊ शकतो.

पण या कसोटीलाही ठेच लागलेली आहे. शीतकरणाचा एक वायू तयार करताना एचएफसी-२३ नावाचा उपपदार्थ निघतो, आणि क्योटोच्या हिशेबात त्याचा एक टन कार्बन डायऑक्साइडच्या ११,७०० टनांबरोबर धरला जात असे. तो जाळण्यात कसलाच फायदा नव्हता, म्हणजे अतिरिक्ततेची अट चोख पुरी होत होती. जाळण्याचा खर्च मात्र क्षुल्लक आणि क्रेडिट ११,७०० पट, त्यामुळे चीनमधल्या आणि भारतातल्या काही कारखान्यांना मूळ मालापेक्षा कचरा जाळण्यातच अधिक कमाई दिसू लागली, आणि क्रेडिटच्या हिशेबानेच उत्पादन ठरवले जात असल्याचे आरोप झाले. मे २०१३ पासून युरोपने ही क्रेडिट घेणे बंद केले. पुढे ऑक्टोबर २०१६ मध्ये भारत सरकारने आपल्या उत्पादकांना तो वायू स्वखर्चाने नष्ट करण्याचा आदेश दिला. जे काम करून घेण्यासाठी जगाने इतके पैसे मोजले होते ते एका सरकारी आदेशाने होण्यासारखे होते, हे कळल्यावर आमच्या जुन्या सहकाऱ्यांच्या गटात बराच वेळ कोणी काही लिहिले नाही.

जंगल राखण्याच्या आणि सुधारित चुलींच्या क्रेडिटविषयी मी प्रत्यक्ष अनुभवाने बोलू शकत नाही, परंतु तिथली बातमीही फार वेगळी नाही. २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने जंगलतोड रोखणारे २६ प्रकल्प तपासले, तेव्हा त्यांच्या क्रेडिटपैकी अवघ्या ६ टक्क्यांमागे खरी जादा घट आढळली. चुलींच्या बाबतीत, तपासलेल्या प्रकल्पांना प्रत्यक्षाच्या सरासरी नऊपट क्रेडिट मिळाल्याचे २०२४ च्या एका संशोधनाने दाखवले. नव्या चुलीवर घरोघरी किती दिवस स्वयंपाक होतो याचे अंदाज फुगवलेले होते, असे त्यात म्हटले आहे, आणि परताव्याचे तक्ते केलेल्या कोणालाही हे वाचून आश्चर्य वाटू नये.

गेल्या वर्षी कुडाळहून मामेभावाचा फोन आला. केंद्राने २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केल्यापासून गावोगाव नाना तऱ्हेचे लोक फिरू लागले आहेत. त्यांतलेच एक गृहस्थ त्याच्या काजूच्या बागेत येऊन गेले होते. झाडे शोषतात त्या कार्बनचे दरवर्षी पैसे मिळतील, त्यासाठी तीस वर्षांचा करार करायचा, असे सांगून त्यांनी छापील कागद ठेवला होता. मी गणपतीला गेले तेव्हा त्याने तो माझ्यापुढे टाकला. “ताई, तू यातली जाणकार. सही करू की नको?” बाग त्याने २०१९ मध्ये लावली, भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेतून, खड्डे, कलमे, सगळ्याचे अनुदान मिळाले होते आणि त्याचा फलक अजून बांधावर उभा आहे. मी कागद वाचत गेले. झाड तोडता येणार नाही, जमीन विकली तर करार नव्या मालकावर लागू राहील, मोजणीचा खर्च आधी वजा होईल. तिसऱ्या पानावर शेतकऱ्याचे निवेदन छापले होते: कार्बनच्या उत्पन्नाची अपेक्षा नसती तर मी ही लागवड केली नसती.

मी त्याला विचारले, लागवड करताना कार्बन हा शब्द तुझ्या कानांवर आला होता का. तो म्हणाला, पेन्सिलीत असतो तो. मग मी ती ओळ त्याला वाचून दाखवली, तिचा अर्थ सांगितला आणि माझ्या पेनाने तिच्यावर काट मारली. काट मारल्यावर करार होईल का, असे त्याने विचारले. होणार नाही, मी म्हणाले. कागद अजून त्याच्या कपाटात आहे, आणि ते गृहस्थ दिवाळीनंतर पुन्हा येऊन नवा, कोरा कागद देऊन गेल्याचे त्याने परवा कळवले.